‘पुनरुत्थान’ : ख्रिस्ती आशेची शब्दचिकित्सा

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात पौलाच्या अथेन्समधील वास्तव्याचा वृत्तान्त आला आहे. तेथील चव्हाट्यावर तो येशूविषयी व ‘अनास्तासिस’विषयी, म्हणजे पुनरुत्थानाविषयी, बोलत असता काही तत्त्वज्ञांना वाटले की, हा मनुष्य परक्या दैवतांचा प्रचार करीत असावा. ‘दैवत’ नव्हे, ‘दैवते’. हे अनेकवचन कोठून आले? इ. स. ४०० च्या सुमारास योहान ख्रिसोस्तोम ह्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने त्याचा असा उलगडा केला की, ‘अनास्तासिस’ हे ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी नाम असल्याने श्रोत्यांनी ते एखाद्या देवीचे नाव समजले. हा उलगडा आजही अनेक भाष्यकारांना मान्य आहे.

ह्याच घटनेला दुसरीही एक बाजू आहे. पुढे पौलाला अरेओपागावर नेण्यात आले. त्याच अरेओपागाच्या न्यायसभेच्या स्थापनेची कथा एस्खिलस ह्या नाटककाराने इ. स. पूर्व ४५८ मध्ये रंगभूमीवर आणली होती, आणि त्या नाटकात अपोलो देव स्पष्ट सांगतो की, मनुष्याचे रक्त एकदा धुळीने शोषले म्हणजे त्याला ‘अनास्तासिस’ नाही. तात्पर्य, शब्द ग्रीकांना ठाऊक होता. मृतांच्या संदर्भात मात्र तो अशक्य गोष्टीचे नाव म्हणूनच ठाऊक होता. पौलाच्या भाषणाचा शेवट काहींच्या उपहासात व्हावा, ह्यात नवल नाही.

ह्या प्रसंगातून अर्थविचाराचे एक तत्त्व हाती लागते. अपरिचित कल्पना कानी पडली की श्रोता तिला आपल्या मनातील तयार चौकटींपैकी एखादीत बसवितो. अथेन्सवासीयांनी तिला देवीच्या चौकटीत बसविले. मराठी वाचक ‘पुनरुत्थान’ हा शब्द वाचताना सामान्यतः दोन चौकटींकडे वळतो : एक पुनर्जन्माची, दुसरी आत्म्याच्या अमरत्वाची. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ह्या दोन्ही चौकटी ख्रिस्ती आशेला अपुऱ्या पडतात, आणि त्या का अपुऱ्या पडतात हे त्या आशेच्या मूळ शब्दांकडे पाहिल्यास पुष्कळ अंशी स्पष्ट होते. ही आशा खरी की खोटी ह्याचा निर्णय करणे भाषाभ्यासकाचे काम नव्हे. ती नेमके काय म्हणते हे निश्चित करणे मात्र त्याचे काम आहे. कारण जे म्हटलेलेच नाही त्याचा स्वीकार वा अव्हेर करण्यात कोणाचेच हित नाही.

१. दोन साधी क्रियापदे

नव्या करारात मृतांच्या उठण्यासाठी मुख्यतः दोन ग्रीक क्रियापदे येतात. पहिले ‘अनिस्तेमि’, ज्यापासून ‘अनास्तासिस’ हे नाम झाले. ह्यात ‘अना’ हा उपसर्ग व ‘उभे राहणे’ ह्या अर्थाचा धातू आहे. हा धातू संस्कृत ‘स्था’चा सख्खा भाऊ होय. दुसरे क्रियापद ‘एगेइरो’. त्याचा मूळ अर्थ जागे करणे, उठविणे. संस्कृत ‘जागर्ति’ व मराठी ‘जाग’ ह्यांच्याशी त्याचे नाते बहुतेक व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मान्य करतात.

ही दोन्ही क्रियापदे धर्मशास्त्राची पारिभाषिक पदे म्हणून जन्मलेली नाहीत. ती घरातली, रस्त्यावरली क्रियापदे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात जकातनाक्यावर बसलेला लेवी येशूची हाक ऐकून उठतो, तेथे ‘अनिस्तेमि’ आहे. पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूला येशू हात धरून उठवितो, तेथे ‘एगेइरो’ आहे. आपणही मराठीत ‘दुखण्यातून उठला’ असेच म्हणतो. याईराच्या मृत कन्येला तो अरामी भाषेत ‘कूम’, म्हणजे ‘ऊठ’, असे म्हणतो. शुभवर्तमानकार त्या हाकेचे ग्रीक भाषांतर ‘एगेइरो’ने करतो, आणि मुलगी उठली हे सांगताना ‘अनिस्तेमि’ वापरतो. एकाच प्रसंगात दोन्ही क्रियापदे आली आहेत.

‘कूम’ ह्या अरामी शब्दाचा क्-व्-म् हा धातू आपल्याला वाटतो तितका परका नाही. अरबीतही तोच धातू आहे, आणि फारसीच्या वाटेने आलेले ‘कायम’ व ‘मुक्काम’ हे मराठी शब्द त्याच्याच कुळातले. ‘कयामत’ ह्या शब्दाचा आज आपण ‘प्रलय’ असा अर्थ घेतो. परंतु त्याचाही मूळ अर्थ ‘उभे राहणे’ असाच आहे. सिरियाक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी पुनरुत्थानासाठी ह्याच धातूपासून बनलेला शब्द योजला.

व्याकरणदृष्ट्या आणखी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘एगेइरो’ हे क्रियापद येशूच्या पुनरुत्थानाविषयी पुष्कळदा कर्मणी रूपात येते; ‘तो उठविला गेला’ अशी रचना असते. कर्ता सांगितलेला नाही, पण तो ईश्वर आहे हे अभिप्रेत असते. सुमारे इ. स. ५३ ते ५५ ह्या काळात लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्याला परंपरेने मिळालेले एक लहानसे विधान उद्धृत करतो. त्यात चार क्रियापदे आहेत : मरणे, पुरले जाणे, उठविले जाणे, दिसणे. ह्यांपैकी तिघांची रूपे साधी भूतकाळाची आहेत. ‘उठविले जाणे’ ह्याचे ‘एगेगेर्ताइ’ हे रूप मात्र पूर्णकाळाचे आहे. ज्या क्रियेचा परिणाम बोलण्याच्या क्षणीही टिकून आहे, अशा क्रियेसाठी ग्रीक भाषा ते योजते. मराठीत सांगायचे तर ‘उठविला गेला’ असे नसून ‘उठविलेला आहे’. एका प्रत्ययात एक संपूर्ण सिद्धान्त सामावला आहे : मरण घडून गेले, उठणे मात्र चालू स्थिती होऊन राहिले.

२. आशेचा उगम : न्यायाचा प्रश्न

ही भाषा नव्या कराराने शून्यातून निर्माण केली नाही. प्राचीन इस्राएलात मरणोत्तर जीवनाविषयी फारसे कुतूहल दिसत नाही. मृत मनुष्य ‘शेओल’ नावाच्या अधोलोकात जातो. तेथे ना शिक्षा, ना पारितोषिक, ना ईश्वराची स्तुती, अशीच सर्वसाधारण धारणा होती. यशयाच्या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात मात्र मृतांविषयी तीन क्रियापदे एकापुढे एक येतात : जगतील, उठतील, जागे होतील. त्यांच्या ग्रीक भाषांतरात वर सांगितलेली दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी आली आहेत.

व्यक्तींच्या पुनरुत्थानाचे निःसंदिग्ध विधान दानीएलाच्या बाराव्या अध्यायात मिळते. आजचे बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ. स. पूर्व १६७ ते १६४ च्या दरम्यान, म्हणजे चौथ्या अंतियोखस राजाने यहुद्यांचा धर्मछळ चालविला असतानाचा, मानतात. तोवर नीतिमानाला दीर्घायुष्य व दुर्जनाला अकाली मृत्यू हा हिशेब बऱ्यापैकी पुरत होता. परंतु जे नियमशास्त्र पाळले म्हणूनच मारले गेले, त्यांचे काय? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भाऊ आपल्या आईच्या डोळ्यांदेखत छळाला सामोरे जातात. त्यांपैकी एकजण आपले हात पुढे करून, हे ईश्वराकडूनच मिळाले असून त्याच्याकडूनच ते परत मिळण्याची आपल्याला आशा आहे, अशा आशयाचे उद्गार काढतो. तोडले जाणारे हात परत मिळावेत ही त्याची मागणी आहे. हातांवाचूनचा आत्मा सुखरूप असावा एवढ्याने त्याचे समाधान होणारे नाही.

पुनरुत्थानाच्या कल्पनेचे मर्म येथे आहे. ती मृत्यूच्या भीतीतून जितकी निघाली, त्याहून अधिक न्यायाच्या प्रश्नातून निघाली. अन्याय देहावर झाला असेल, तर न्यायही देहापर्यंत पोचला पाहिजे. येशूच्या काळी हा विषय वादाचा होता : परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी नाकारीत. येशू व पौल ह्या बाबतीत परूशांच्या बाजूला आहेत. त्यांच्या अनुयायांनी भर घातली ती अशी की, जे युगान्ती सर्वांचे व्हायचे, ते एकाच्या बाबतीत इतिहासाच्या मध्यावरच घडले. पौल त्यासाठी ‘अपार्खे’ हा शब्द योजतो. त्याचा अर्थ हंगामाची पहिली पेंढी, देवाला वाहिलेले प्रथमफळ. आपल्याकडील नवान्नाची प्रथा ज्याला ठाऊक आहे, त्याला ह्या रूपकातील तर्क समजावून सांगावा लागत नाही. पहिली लोंबी घरात आली म्हणजे पीक तयार झाले. उरलेले शेत त्याच पिकाचे आहे. म्हणून ख्रिस्ती विचारात येशूचे उठणे हा सुटा चमत्कार राहत नाही, ती सुगीची सुरुवात ठरते.

३. कोणता देह?

करिंथ येथील काहींनी विचारले, मेलेले कोणत्या शरीराने येणार? पौल उत्तरादाखल बियाणे व रोप ह्यांचे उदाहरण देतो आणि दोन पदे समोरासमोर मांडतो : ‘सोमा प्सूखिकोन’ व ‘सोमा प्नेउमातिकोन’. ‘सोमा’ म्हणजे देह. पहिले विशेषण ‘प्सूखे’, म्हणजे प्राण वा जीव, ह्यापासून आले आहे; दुसरे ‘प्नेउमा’, म्हणजे आत्मा, ह्यापासून. दुसऱ्या पदाचा ‘आध्यात्मिक शरीर’ असा अनुवाद वाचला की सामान्य वाचकाला एखादे धूसर, वायुरूप शरीर अभिप्रेत असावे असे वाटते.

येथे प्रत्ययविचार उपयोगी पडतो. एखादी वस्तू कशाची बनली आहे हे सांगण्यासाठी ग्रीकमध्ये सामान्यतः ‘इनोस’ हा प्रत्यय येतो. ‘लिथिनोस’ म्हणजे दगडाचा. ‘इकोस’ प्रत्यय संबंध दाखवितो; कशाने चालते, कशाच्या अधीन आहे, हे सांगतो. पौलाने योजलेली दोन्ही विशेषणे ‘इकोस’ प्रत्ययाची आहेत. त्यामुळे येथे देहाचे द्रव्य सांगितलेले नसून त्याचा चालक सांगितला आहे, असे मानणे सयुक्तिक ठरते. आजचा देह प्राणाच्या बळावर चालतो, म्हणून तो थकतो व मरतो. उठविलेला देह ईश्वराच्या आत्म्याच्या बळावर चालेल. एन. टी. राइट ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्‌ग्रंथात हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे.

मराठी अनुवादकाने पहिल्या पदासाठी ‘प्राणमय’ असे विशेषण योजले, तर ‘मय’ प्रत्ययाबरोबर तैत्तिरीय उपनिषदातील कोशांची स्मृती जागी होते आणि अर्थ द्रव्याकडे झुकतो. संस्कृतातील ‘इक’ प्रत्यय संबंधवाचक असल्याने ‘आध्यात्मिक’ हे रूप व्याकरणाच्या अंगाने ग्रीकच्या जवळ आहे. अडचण आहे ती ‘आध्यात्मिक’ म्हणजे ‘अशरीरी’ ह्या आपल्या रूढ समजुतीची.

शुभवर्तमानांतील कथाही हेच सुचवितात. उठलेला येशू भाजलेला मासा खातो व आपल्या देहावरील जखमा दाखवितो. परंतु दारे बंद असता आत येतो, आणि निकटच्या शिष्यांनाही प्रथम ओळखू येत नाही. देह तोच, पण पूर्वीसारखा नव्हे. म्हणून लाजराच्या कथेला पुनरुज्जीवन म्हणावे, पुनरुत्थान म्हणू नये. लाजर पूर्वीच्याच आयुष्यात परतला आणि त्याला पुन्हा मरावयाचे होते. उठविलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही, असे पौल रोमकरांस पत्रात सांगतो.

४. दोन शेजारी कल्पना

आता आरंभी उल्लेखिलेल्या दोन चौकटींकडे वळू. आत्म्याचे अमरत्व ही कल्पना ख्रिस्ती परंपरेत पुष्कळ रुळली. पण तिचे माहेर मुख्यतः ग्रीक तत्त्वज्ञानात आहे. ऑस्कर कुल्मान ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात दोन मृत्यूंची तुलना केली. प्लेटोने रंगविलेला सॉक्रेटीस शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण मरण म्हणजे देहाच्या बंदिवासातून सुटका. गेथशेमाने बागेतील येशू मात्र व्याकुळ होतो, कारण त्याच्या परंपरेत मरण हा मित्र नसून शत्रू आहे. पौल तर मृत्यूला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. आत्मा स्वभावतःच अमर असेल तर ईश्वराला उठविण्याचे काम उरत नाही. पुनरुत्थान हे मनुष्याच्या स्वभावातून निघत नाही. ते दान आहे. कुल्मान ह्यांनी हा भेद काहीसा ठळक करून सांगितला, अशी टीका पुढे झाली. त्या काळच्या यहुदी विचारातही ग्रीक अंश मिसळले होते, हे खरे आहे. तरी भेदाचे मूळ सूत्र टिकून आहे.

पुनर्जन्माच्या बाबतीत वस्त्राचे रूपक तुलनेला सोयीचे आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्राचे रूपक प्रत्येक मराठी वाचकाला ज्ञात आहे : वस्त्रे बदलतात, नेसणारा तोच राहतो. पौलही करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वस्त्राचेच रूपक घेतो. पण त्याने योजलेल्या क्रियापदात ‘वरून’ ह्या अर्थाचा एक जादा उपसर्ग आहे. आपल्याला वस्त्र उतरवायचे नाही, तर आहे त्यावर आणखी एक पांघरायचे आहे, असे तो म्हणतो. गीतेत देह हे टाकण्याजोगे वस्त्र आहे. पौलाच्या दृष्टीने देहाविना असणे हेच उघडेपण आहे. एका ठिकाणी जन्मांची मालिका व तीतून मोक्ष, दुसऱ्या ठिकाणी एकच जन्म व त्याची पूर्तता. रूपक एक, जीवनदर्शने दोन. ह्यांपैकी कोणतेही दुसऱ्याची बिघडलेली आवृत्ती नव्हे.

५. मराठीतील शब्द

ख्रिस्ती आशा मराठीत सांगण्याचा पहिला भव्य प्रयत्न म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हे ओवीबद्ध काव्य गोव्यात राचोल येथे १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. शांताराम बंडेलू ह्यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. स्टीफन्स स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही निःसंकोच वापरतात. नवी कल्पना जुन्या शब्दात ओतायची आणि कथेच्या ओघात शब्दाचा अर्थ पालटू द्यायचा, ही त्यांची पद्धती. पुढे विल्यम कॅरी ह्यांच्या श्रीरामपूर येथील मुद्रणालयातून १८११ साली मराठी नवा करार निघाला, आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबलचे सुबोध मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रकाशित झाले. ह्या दीर्घ परंपरेत ‘पुनरुत्थान’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात पूर्णपणे स्थिरावला आहे.

त्या शब्दाची फोड करून पाहिली असता उत्तरार्ध विलक्षण अचूक दिसतो. ‘उत्’ आणि ‘स्था’ मिळून ‘उत्थान’ होते. ह्या संधीसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे. ‘अना’चा प्रधान अर्थ ‘वर’ असाच असल्याने ‘अनास्तासिस’ व ‘उत्थान’ ही अर्थाने व धातूनेही जुळी रूपे आहेत. एवढेच नव्हे, तर त्याच ‘उत् + स्था’ पासून प्राकृताच्या द्वारे आपले ‘उठणे’ हे नित्याचे क्रियापद आले आहे. ग्रीकमध्ये जशी एकच धातू चव्हाट्यावर व श्रद्धेत वावरते, तशीच ती मराठीतही वावरू शकते.

पूर्वार्ध मात्र जपून वाचला पाहिजे. ‘अना’ला काही समासांत ‘पुन्हा’ अशीही छटा आहे. परंतु ‘पुनर्’ हा अंश ग्रीकपेक्षा लॅटिन ‘रेसुर्रेक्तिओ’मधील ‘रे’शी अधिक जुळतो. मराठीत तो येताच ‘पुनर्जन्म’ शेजारी येऊन उभा राहतो. तसेच ‘पुनरुत्थान’ हा शब्द राष्ट्राच्या वा संस्कृतीच्या गतवैभवाकडे परतण्यासाठीही वापरला जातो. ख्रिस्ती पुनरुत्थानाचे तोंड तर पुढे आहे. तथापि ‘पुनर्’चा एक गुण नोंदविला पाहिजे : जो पडला तोच उठला, व्यक्ती बदलली नाही, हे तो सांगतो. म्हणून शब्द बदलण्याचे कारण दिसत नाही. तो ‘उठणे’च्या प्रकाशात वाचावा, एवढेच.

६. निद्रा व जाग

मरण व पुनरुत्थान ह्यांमधील काळात काय होते, ह्याविषयी ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. कॅथलिक परंपरा मृत्यूनंतर लगेच होणारा व्यक्तिगत न्याय व शुद्धिस्थान मानते. प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थान नाकारले. ल्यूथरने ह्या अवस्थेचे वर्णन अनेकदा निद्रा असे केले; काल्व्हिनला आत्म्याची निद्रा मान्य नव्हती आणि त्याने तिच्याविरुद्ध ग्रंथच लिहिला. ह्या मतभेदातही अंतिम आशा पुनरुत्थानाचीच, हे सर्वांना मान्य आहे.

निद्रेचे रूपक नव्या करारातच आहे, आणि त्याने युरोपीय भाषांना एक शब्द दिला. ग्रीक ‘कोइमेतेरिओन’ म्हणजे शयनगृह. ख्रिस्ती लोकांनी मृतांना पुरण्याच्या जागेला हे नाव दिले. पोर्तुगीज ‘सेमितेरियु’ व इंग्रजी ‘सेमेटरी’ हे शब्द त्यातूनच आले. यास्कानेही निरुक्तात ‘श्मशान’ ह्या शब्दाची फोड शरीराचे शयन अशीच केली आहे, हे साम्य लक्षणीय आहे. परंतु निजणे व निजणे ह्यांतही अंतर असते. आपल्या शोकवार्तांतील ‘चिरनिद्रा’ ह्या शब्दातला ‘चिर’ जागे होण्याची शक्यताच मिटवितो. ख्रिस्ती मराठीतील ‘प्रभूमध्ये झोपी जाणे’ ह्या प्रयोगात जाग गृहीत धरलेली आहे. झोप म्हटले ते उठायचे आहे म्हणूनच. दफनाची प्रथा ह्याच भावनेशी निगडित आहे. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली, तरी दफनालाच प्राधान्य ठेवले; ज्याने मातीतून घडविले त्याला राखेतून उठविणे अवघड नाही, हा विचार त्या परवानगीमागे सहज दिसतो.

७. ‘आशा’ ह्या शब्दाविषयी

शेवटी ‘आशा’ ह्या पदाविषयी दोन शब्द. आपल्या संतवाङ्मयात व वैराग्यपर लेखनात आशा बहुधा पाश म्हणून येते. तिला तोडल्यावाचून शांती नाही. ग्रीक ‘एल्पिस’देखील प्रथम अशीच संशयास्पद होती, हेसिओडच्या कथेत ती संकटांच्याच रांजणात राहते. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरातून तिच्यात विश्वासाचा व धीराने वाट पाहण्याचा अर्थ भरला गेला, आणि पौलाने तिला विश्वास व प्रीती ह्यांच्या पंक्तीला बसविले. ख्रिस्ती मराठीतील ‘आशा’ हा शब्द ह्या दुसऱ्या कुळातला आहे. त्याचा अर्थ इच्छा नव्हे; दिलेल्या वचनाच्या बळावर केलेली प्रतीक्षा, असा आहे.

एकाच भाषेत, एकाच गावात, दोन घरांत मृत्यू होतो. एका घरी ‘आत्म्यास सद्गती लाभो’ म्हणतात, दुसऱ्या घरी ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ म्हणतात. दोन्ही वाक्ये शुद्ध मराठी आहेत, आणि दोन्हींत शोक सारखाच आहे. आशा मात्र एक नाही. सांत्वनाला जाणाऱ्या शेजाऱ्याने हा भेद ओळखला, तर त्याचे शब्द त्या घरच्या दुःखापर्यंत अधिक नीट पोचतील. अर्थविचाराच्या वर्गात शिकविली जाणारी ‘अनास्तासिस’ व ‘उत्थान’ ह्यांची फोड एवढ्यापुरती तरी वर्गाबाहेर उपयोगी पडावी.